माशीमाची ओटी

आमच्या भिलाईत सूर्य एकदा मावळून भागत नसे. दुर्गच्या बाजूला तो रीतसर बुडाला, दिवेलागण झाली, की थोड्याच वेळात कारखान्याकडचं आभाळ पुन्हा लालभडक व्हायचं. भट्टीतून निघालेला वितळलेला मळ रुळांवरच्या मोठाल्या कढयांमधून नेऊन उतारावर ओतत. त्याला सगळे स्लॅग म्हणत. तो ओतला की आमच्या सेक्टरमधल्या भिंती, दोरीवरची धुणी, आईचं कपाळ, सगळं तांबूस दिसायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आई त्या उजेडात तांदूळ निवडून घ्यायची आणि म्हणायची की कारखान्यानं क्वार्टरसोबत हा एक दिवा फुकट दिला आहे. गावाकडून पाहुणे आले की त्यांना अंगणात नेऊन दाखवायचं, एवढाच त्या लाल आभाळाचा आम्हाला उपयोग होता.

म्हणून भिलाई-३ या वस्तीतल्या शेडमधली ती पहिली संध्याकाळ मी विसरू शकत नाही. लढाईपायी सीमेपलीकडच्या बंगालातून आलेली माणसं रायपूरकडच्या छावण्यांत मावेनात, तेव्हा त्यातली काही कुटुंबं थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे, रेल्वे यार्डाला लागून असलेल्या एका रिकाम्या शेडमध्ये आणून उतरवली होती. बाबा कारखान्याच्या ट्रॅफिक विभागात कारकून होते. कारखान्यातून निघालेल्या मालगाड्या मोठ्या रेल्वेच्या ताब्यात द्यायच्या, हे त्यांचं काम, आणि ते त्याच यार्डात चालायचं. सेक्टरमधून जमवलेल्या पोळ्या घेऊन आई आणि मी त्यांच्यासोबत गेलो होतो. पोळ्यांचं टोपलं खाली ठेवतो न ठेवतो तोच आभाळ पेटलं. शेडमध्ये कोणी ओरडलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त तेच आठवतं. सगळी माणसं एकदम उठली, बायकांनी लेकरं कडेवर घेतली, म्हाताऱ्यांनी बोचकी डोक्यावर चढवली आणि सगळी दाराकडे निघाली. कोणी पुढं व्हायचं, कोणी मागं राहायचं, कोणाचा हात कोणी धरायचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांना वाटलं, इथंही गाव पेटवलं.

बाबा दारात हात पसरून उभे राहिले आणि हिंदीत सांगत सुटले की ते लोखंड आहे, तिथं लोखंड बनतं, कोणाचं घर जळत नाही. कोणाला काही कळेना. मग गर्दीतून एक उंच, वाळलेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, ही आग आहे की नाही? बाबांनी आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत उत्तर दिलं की आग आहे, पण ती आमची आहे, रोजची आहे. त्या गृहस्थांनी मागं वळून दोन वाक्यं बंगालीत सांगितली. माणसं थांबली, पण डोक्यावरची बोचकी बराच वेळ खाली आली नाहीत. ते गृहस्थ त्यांच्या गावच्या शाळेत मास्तर होते, आणि आमच्या घरातही त्यांचं नाव मास्तरच पडलं.

आमचं घर तसं साधं, दोन खोल्यांचं. सकाळ भोंग्यानं व्हायची, दुपार यार्डातल्या डब्यांच्या दणक्यांनी कळायची, आणि संध्याकाळी शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या भिंतीतून ऐकू यायच्या. बाहेर पडलं की मी हिंदी, घरात शिरलं की मराठी. आई भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. तिच्या मते पोळी म्हणजे भातापूर्वी करायचा टाइमपास. रविवारी ती बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात करायची, वरून फोडणीचं तेल, सोबत जवसाची चटणी, आणि तो खाऊन बाबा अशी ताणून द्यायचे की भोंग्यालाही दाद देत नसत. भिलाईत इतकी वर्षं काढूनही आईचं हिंदी मात्र धड नव्हतं. सुपेल्याच्या बाजारात ती भाजीवाल्याशी मराठीत बोलायची, तो छत्तीसगढीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही वाटायचं की आपण हिंदी बोललो.

शेडमध्ये दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पोळ्या घेऊन गेलो, तर आदल्या दिवशीच्या तशाच पडलेल्या. लेकरं तुकडा चावायची, चावतच राहायची आणि मग आईकडे बघायची. आमच्या सेक्टरमधल्या एक-दोन बायका हळूच म्हणाल्याही, की उपाशी माणसांचे हे नखरे बघा. तेवढ्यात एका म्हातारीनं आईच्या पदराला हात लावून विचारलं, "भात आछे, मा?" आई जागच्या जागी थांबली. घरी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं. बाबा दिसताच म्हणाली, "आयकता का, ते लोक आपल्यासारखंच बोलून राहिले. भाताले भातच म्हणतेत. अन् आहे ले म्हणतेत आछे." त्या दिवसापासून आमच्या ओळीतल्या घरांत पोळ्या लाटणं बंद झालं आणि दुपारी सगळीकडून एकाच वेळी भाताचा वास येऊ लागला. पेज ओतायच्या आधी आई डोळे मिटून बोटानं शीत दाबून बघायची. परक्यांसाठी रांधताना ती जेवढी जपून रांधायची तेवढी आमच्यासाठी नाही, असं मी तिला म्हणायची, आणि ती म्हणायची, तुले पान टाकून उठता येते, त्यायले नाई येत.

या एका भाताच्या जोरावर आईला वाटू लागलं की आपल्याला बंगाली येतं. डाळीला डाळ, घराला घर, तोंडाला मुख. बंगाली म्हणजे गाल फुगवून बोललेली मराठी, असं तिनं जाहीर करून टाकलं. शेडमधल्या बायका तिला माशीमा म्हणायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा ती चिडली. "मी का माशी आहो का?" असं घरी येऊन तिनं विचारलं. आमच्या ओळीत पलीकडे एक बंगाली कुटुंब होतं, तिथून मी विचारून आले की माशी म्हणजे मावशी, आणि वर मान द्यायचा म्हणून मा. मग आईचा चेहरा खुलला. माशीमा कोणी म्हटलं की ती अर्ध्या वाक्यात ओ द्यायची.

मास्तर आणि बाबा यांचं वेगळंच जमलं होतं. ड्यूटी सुटली की बाबा सायकल यार्डाच्या कुंपणाला लावून शेडच्या पायरीशी बसायचे. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, हरिपद, नदी ओलांडताना मागं राहिला होता. नाव भरली, तुम्ही चला, मी पुढच्या नावेनं येतो, असं म्हणून तो काठावर थांबला आणि पुढची नाव आलीच नाही, किंवा आली ती दुसरीकडे लागली. मास्तरांनी हे बाबांना एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. पण बाबा कामाला लागले. मालगाडी ताब्यात दिली की पुढच्या स्टेशनाला फोनवर गाडीची माहिती द्यावी लागे. ती देऊन झाली की बाबा शेवटी जोडायचे: अन् हरिपद नावाचा, उंच, शाळामास्तरचा पोरगा, कुठं दिसला तर सांगा, बाप भिलाई-३ ले आहे. पलीकडचा रेल्वेवाला ते त्याच्या पुढच्याला सांगायचा. ना चिठ्ठी ना चपाटी, नुसतं तोंडी, असं एका माणसाचं नाव लोखंडाच्या गाड्यांच्या पुढं पुढं बिलासपूर ओलांडून बंगालकडे जात राहिलं. काही दिवसांनी तिकडचे लोक गाडीचा नंबर घ्यायच्या आधीच बाबांना विचारायचे, "मिला क्या हरिपद?" ज्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती अशी ही माणसं. आज माझा नातू बोटाच्या टोकानं जगातलं काहीही शोधतो, त्याचं मला नवल वाटत नाही. त्या फोनचं मात्र अजून वाटतं.

मग कपड्यांची भानगड झाली. सेक्टरमधून जुन्या साड्या जमवून नेल्या, तर शेडमधल्या बायकांनी त्यांना हात लावला नाही. एकीनं घेतलेली साडी घडी घालून परत आणून ठेवली. आमच्याकडच्या बायकांना राग आला. मदतकार्य हा शब्द तेव्हा आमच्या ओळीत कोणाला माहीत नव्हता, पण मदत करणाऱ्याला येतो तो राग मात्र आम्हाला व्यवस्थित येत होता. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता आई म्हणाली, "आपलं जुनेर कोणाच्या अंगावर टाकावं, तर ते भीकच होते ना. मी तरी घेतलं असतं का? लेकीले देतो तसं देऊ. ते नाई म्हणणार नाई." म्हणजे कसं, असं मी विचारलं. तर म्हणाली, "ओटी भरू."

या कल्पनेचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं आणि आज तर जास्तच वाटतं. त्या बायकांना शेडमधून रायपूरच्या छावणीत हलवायचं ठरलं होतं. घरून निघणाऱ्या सवाष्णीची ओटी भरायची, हे आमच्या बायकांना कोणी शिकवायला नको होतं. नवीन साडी, नारळ, हळदीकुंकू, आणि तांदूळ. फक्त ओटीत पसाभर तांदूळ घालतात, आईनं शेराशेरानं घालायचं ठरवलं. पदर फाटेपर्यंत भरा, असं तिनं ओळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. दसरा तोंडावर होता, तरी कोणी कुरकुर केली नाही. सुपेल्याच्या एका कापडवाल्यानं सुती साड्यांचा गठ्ठा अर्ध्या दरात दिला, आणि कशासाठी ते कळल्यावर वर खण दिले.

तो दिवस उजाडला. आमच्या सेक्टरमधल्या बंगाली बायका त्या सकाळी शेडमागच्या मोकळ्या जागेत लेकरांना कपडे वाटत होत्या, त्यामुळे इकडे भाषेचा सगळा कारभार आईकडे. पण भाषा लागलीच नाही. आईनं पहिल्या बाईला कुंकू लावलं, ती जराशी दचकली, आणि मग आईनं साडी, नारळ, तांदूळ पुढं केले तेव्हा तिनं आपण होऊन पदर पसरला. शेजारचीनं बघितलं आणि तीही उठली. थोड्या वेळात शेडभर बायका पदर पसरून ओळीनं उभ्या होत्या, आणि ज्यांनी त्या जुन्या साड्यांना हात लावला नव्हता त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तांदळाचं घमेलं धरून आईच्या मागं मागं चालले होते. देवळातही मला कधी तसं वाटलं नाही. शेडभर फक्त पदरात तांदूळ पडल्याचा आवाज येत होता.

ओळीच्या शेवटी एक बाई उभी होती, तिला आम्ही पूर्वी पाहिलेलं नव्हतं. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. आल्यापासून ती तापानं आजाऱ्यांच्या खोलीत पडून होती, त्या सकाळीच उठून आली होती. अंगावर दवाखान्यातून मिळालेली पांढरी साडी, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात हिरवा चुडा नाही, नुसत्या दोन पांढऱ्या बांगड्या. आमच्याकडची कोणतीही बाई सवाष्ण ओळखायला याच जागा बघते: आधी कपाळ, मग गळा, मग हात. बाकीच्यांच्या अंगावर निदान रंगीत साड्या आणि कपाळावर लाल टिकली होती, हिचं काहीच नव्हतं. आईनं ते बघितलं आणि तिचा हात कुंकवाच्या करंड्यावरच थांबला. बंगाल्यांत मंगळसूत्र नसतं, कुंकू भांगात भरतात आणि त्या पांढऱ्या शंखाच्या बांगड्या म्हणजेच त्यांचा चुडा, हे आम्हाला कोणाला माहीत असणार? आईला ती विधवा वाटली. तिला वाईट वाटू नये म्हणून आईनं दोन पावलं बाजूला घेतली, एक साडी काढून, हात जोडून, नुसतीच तिच्यापुढं धरली.

त्या बाईनं साडीकडे पाहिलं नाही. तिनं कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आमाके देबेन ना?"

आता आमच्या बोलीत आम्हाला म्हणायचं तर आमाले म्हणतात. त्यांच्या भाषेत आमाके म्हणजे मला. ती विचारत होती, मला नाही देणार? आईला ऐकू आलं ते असं, की आमच्यासारख्यांना द्यायचं नसतं ना? फुटक्या कपाळाच्या साऱ्या बायकांच्या वतीनं ती विचारते आहे, असं आईला वाटलं आणि तिला भरून आलं. तिनं मान हलवली, बोट वर आभाळाकडे केलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "नाई वं बाई. तुमाले नाई. देवाची मर्जी."

ती पारुल होती. मास्तरांची सून, हरिपदची बायको. माशीमा म्हणजे त्या रेल्वेच्या बाबूंची बायको, आणि हे बाबू आपल्या नवऱ्याचा शोध घेताहेत, हे तिला शेजारच्या बायकांनी सकाळीच सांगितलेलं होतं. त्या बाबूंची बायको सगळ्यांना कुंकू लावत आली आणि तिच्यापाशी थांबली, मान हलवली आणि वर बोट दाखवलं. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

ती ओरडली नाही. ती वळली, दाराशी पायरीसारखा टाकलेला रुळाचा तुकडा होता त्याच्यापाशी बसली, आणि डावा हात उचलून मनगट त्या रुळावर आपटलं. शंखाची बांगडी तुटून उडाली. उजवा हात तिनं उचलला तेव्हा आईला कळलं. बाकी सगळं कळायला भाषा लागत होती, पण ही गोष्ट आमच्याकडेही तशीच करतात. विधवेच्या हातात फोडायला बांगडी नसते. आई कधी धावली ते मला दिसलं नाही, मला दिसला तो तिचा तळहात, रुळावर ठेवलेला. पारुलचं मनगट त्याच्यावर आदळलं. आईच्या हिरव्या बांगड्या वाढल्या. सवाष्णीच्या बांगड्यांना आम्ही फुटल्या म्हणत नाही. तळहातात काच घुसली. पारुलनं पुन्हा हात उचलला, तसा आईनं तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "जिवंत आहे. जिवंत आहे तो."

पारुल एकदम थांबली. "आछे?" तिनं विचारलं.

"आहे. आहे," आई म्हणाली.

जीवन्त हा शब्द बंगालीतही तोच आहे. आछे आणि आहे यांची सोयरीक तर आईनं स्वतःच जुळवलेली होती. शेडमधल्या बायकांनी ते ऐकलं आणि क्षणभरानं एकीनं जीभ हलवून, शुभ घडलं की करतात ती लांब उलू केली, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. दुर्गापूजेच्या मांडवातून ती मी दुरून ऐकली होती. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती घुमली तेव्हा मी घमेलं खाली ठेवलं. मास्तर कुठूनसे धावत आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हात जोडून उभ्याउभ्या रडू लागले. आईनं हाताला पदर गुंडाळला आणि पारुलची ओटी भरली. कुंकू लावताना तिनं पारुलच्या नजरेला नजर दिली नाही.

बाबा ड्यूटी संपवून आले तेव्हा सगळी शेड त्यांच्याभोवती गोळा झाली. कुठं आहे, कधी येईल, कोणी पाहिलं? बाबांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी गर्दीवरून आईकडे पाहिलं आणि आईनं मान खाली घातली. एवढ्यावरून बाबांना जे समजायचं ते समजलं असावं. ते मास्तरांना इंग्रजीत म्हणाले की सध्या आम्हाला एवढंच कळलं आहे. पारुल दाराशी ओटी पोटाशी धरून उभी होती आणि ती बाबांकडे बघत होती.

घरी आल्यावर मी आईच्या हातातली काच चिमट्यानं काढत बसले. बाबांनी आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "कावून म्हणाली असं?" आई म्हणाली, "मले एवढंच म्हणायचं होतं, का तो गेला म्हणून खबर नाई आली. पण तेवढं बंगालीत कसं म्हणू? मले तेवढंच येत होतं." बाबांनी विचारलं, आता काय करायचं? "आता तुमी त्याले शोधा," आई म्हणाली. त्या घरात खोटं बोलल्यावर मार मिळायचा, आणि तो द्यायचं काम आईचं होतं. तिला तसं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माणसं रायपूरच्या छावणीत गेली. बाबांनी फोनवर हरिपदचा पाठपुरावा इतका लावून धरला की साहेबांनी एकदा हटकलं. आईनं सोमवार धरले. एकदा दूरच्या एका स्टेशनावरून निरोप आला की हरिपद सापडला, आणि त्या दिवशी सोमवार असूनही आईनं ताट वाढून घेतलं. पण तो हरिपद म्हातारा निघाला आणि भलत्याच गावचा. मग हिवाळ्यात इकडेही लढाई पेटली. आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले, पण त्या भट्ट्यांच्या उजेडाला कागद कोण लावणार? लढाई लवकर आटोपली, तिकडे नवा देश झाला, आणि छावणीतली माणसं परत जायला निघाली. हरिपदचा पत्ता आम्हाला कधीच लागला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं शेवटी तो येईल म्हणून वाट बघू नये. पुढं तिकडे गेल्यावर त्यांना तो भेटला की नाही, हेही मला माहीत नाही. टीव्हीवर कुठल्या तरी देशातली माणसं बोचकी घेऊन चालताना दिसतात, तेव्हा मी आवाज बंद करते आणि नुसती बघत बसते.

मास्तरांची गाडी रायपूरहून सुटणार असल्याचा निरोप बाबांना यार्डातच मिळाला. आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. डबा भरून भात आणि वरण घेतलं होतं, तो मांडीवर धरून आई खिडकीबाहेर बघत होती. कुम्हारी स्टेशनाच्या पुढं म्हणाली, "मी तिले आज खरं सांगतो. गावी जाऊन ती रस्त्यात बसन त्याची वाट पाहत, ते पाप नाई घेत मी. शालू, तू हिंदीत सांग."

प्लॅटफॉर्मवर पारुलनंच आम्हाला आधी पाहिलं. लाल काठाची साडी, भांगात लाल रेघ, डाव्या हातात नवी शंखाची बांगडी. छावणीत राहून ती मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. ती वाकून पाया पडली, तशी आईनं तिचे खांदे धरले आणि सांगायला सुरुवात केली, की बाई, त्या दिवशी मी जे म्हणाली ते. आईचं रडं पुढं येऊ लागलं आणि मी तोंड उघडलं, पण पारुलनं आईच्या तोंडावर आपला हात ठेवला.

"हम जानता था, माशीमा," ती म्हणाली. "उसी दिन जाना. बाबूजी का मुँह देखा था."

मी ते मराठीत सांगायची गरज पडली नाही. आईनं तिचा हात तोंडावरून काढला आणि विचारलं, मग इतके महिने बोलली का नाहीस? तिच्या विदर्भी हिंदीत ते कसंबसं निघालं. पारुलनं आधी आईचा तळहात उलटा करून पाहिला. काचेची खूण तिथं होती. मग म्हणाली की त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका पहिल्यापासून बांगडी उतरव म्हणत होत्या, त्या दिवसानंतर कोणी म्हटलं नाही, विधवेला वर्ज्य असलेला मासा तिला खाऊ दिला, लाल काठ नेसू दिला. जे खरं सांगायचं होतं ते तिनं शेवटी हळू आवाजात सांगितलं.

"आपने सबके सामने बोला था. हम मुँह खोलता, तो आप झूठा हो जाता."

गाडीनं शिटी दिली. मास्तरांनी बाबांना मिठी मारली, पारुल भाताचा डबा घेऊन चढली, आणि खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत आई हलली नाही. हिंदी, बंगाली, इंग्रजी, सगळं त्या गर्दीत मिसळून गेलं होतं. बाबा थोडे दूर होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी जवळ येऊन विचारलं की काय म्हणाली ती? आईनं पदरानं तोंड पुसलं.

"आपण समजून राहिलो होतो का आपण त्यायले सांभाळून राहिलो," ती म्हणाली. "इतके महिने ती मले सांभाळत होती. अन् मले पत्ता नाई."